विश्लेषण : वीस वर्षे खोळंबलेले पुस्तक आणि डार्विन यांची धाकधूक

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये हिरव्या कापडी बांधणीचे एक पुस्तक विक्रीला आले. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती होत्या आणि पुस्तकविक्रेत्यांनी त्या हातोहात उचलल्या. जीवसृष्टीकडे पाहण्याची माणसाची दृष्टी बदलून टाकणारे हे पुस्तक म्हणजे ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’. त्याचे लेखक चार्ल्स डार्विन मात्र त्या दिवशी लंडनमध्ये नव्हते. यॉर्कशायरमधील इल्कली या गावी ते थंड पाण्याचे उपचार घेत होते. अंगावर पुरळ, पाय सुजलेला आणि पोटाची जुनी तक्रार पुन्हा डोके वर काढलेली. लोक काय म्हणतील, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे डार्विन शाळेच्या पुस्तकात भेटतात ते पांढऱ्या दाढीचे, शांत, गंभीर. प्रत्यक्षात त्यांचे जवळपास सगळे प्रौढ आयुष्य छातीत धडधड, उलट्या, थरथर, निद्रानाश आणि उद्या काय होईल या घालमेलीत गेले. अनिश्चितता सहन न होणे, याला आज मानसशास्त्रात स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मोजपट्टी आहे. डार्विन यांच्या काळात तसे काहीच नव्हते. तरीही या माणसाने काम कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

धडधड पहिल्यांदा कधी?

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूसबरी येथे झाला. वडील रॉबर्ट नामांकित डॉक्टर. आई सुझॅना चार्ल्स आठ वर्षांचे असताना वारली. मुलाने आपलाच व्यवसाय करावा म्हणून वडिलांनी त्यांना एडिंबरोला वैद्यकाच्या अभ्यासासाठी पाठवले. तेव्हा भुलीचे औषध नव्हते. दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. ती अर्ध्यावर सोडून डार्विन बाहेर पळाले आणि पुन्हा त्या दालनात गेले नाहीत. मग पाद्री व्हावे म्हणून केंब्रिज. तिथे त्यांचे मन भुंगेरे गोळा करण्यात अधिक रमले.

१८३१च्या उन्हाळ्यात ‘बीगल’ या सर्वेक्षण जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी चालून आली. वडिलांनी आधी नकार दिला. मामा जोसाया वेजवूड यांनी त्यांच्या एकेका आक्षेपाला उत्तर लिहून पाठवले, तेव्हा होकार मिळाला. पण जहाज निघेना. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डार्विन प्लिमथला येऊन थांबले होते. डिसेंबरात दोनदा जहाज बंदराबाहेर पडले आणि वादळामुळे दोन्ही वेळा परतले. या दोन महिन्यांत २२ वर्षांच्या त्या तरुणाला छातीत धडधड आणि दुखणे सुरू झाले. आपल्याला हृदयविकार जडला आहे, अशी त्यांची खात्रीच झाली. डॉक्टरांकडे मात्र ते गेले नाहीत, कारण डॉक्टर प्रवासाला मनाई करतील ही भीती त्याहून मोठी होती.

२७ डिसेंबरला जहाज एकदाचे निघाले. पुढची जवळजवळ पाच वर्षे हाच माणूस दक्षिण अमेरिकेत घोड्यावरून शेकडो मैल फिरला, अँडीज पर्वत ओलांडून गेला, चिलीतल्या विध्वंसक भूकंपाचा अनुभव घेतला. समुद्र लागण्याचा त्रास त्यांना शेवटपर्यंत झाला, मध्ये आजारपणेही आली, पण धोक्यापुढे ते डगमगले नाहीत. खरे संकट समोर असताना निभावून नेणारा माणूस धक्क्यावर नुसते थांबून राहायची वेळ आली की खचत होता.

अनिश्चिततेचा त्रास म्हणजे नेमके काय?

वाईट घडेल ही भीती वेगळी आणि काय घडेल हे ठाऊक नसणेच असह्य होणे वेगळे. १९९०च्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या मानसशास्त्रज्ञांनी सततच्या काळजीच्या मुळाशी हे दुसरे कारण असते, असे मांडले आणि ते मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. अशा व्यक्तीला ‘बहुधा ठीक होईल’ हे उत्तर पुरत नाही. शंभर टक्के खात्री हवी असते. ती मिळवण्यासाठी माणूस तेच तेच तपासतो, जवळच्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, निर्णय लांबणीवर टाकतो किंवा जिथे काही अनपेक्षित घडू शकेल तिथे जाणेच टाळतो. प्रत्येक वेळी थोडा वेळ बरे वाटते. खाज खाजवल्यावर वाटते तसे. मग पुन्हा सुरू.

मेलेल्या माणसाचे निदान दीडशे वर्षांनी करणे धोक्याचे आहे. पण डार्विन यांनी हजारो पत्रे, टिपणवह्या आणि तब्येतीची रोजनिशीसुद्धा मागे ठेवली आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक सवयीचा पुरावा त्यात सापडतो.

लग्नाचा हिशेब आणि खिडकीबाहेरचा आरसा

१८३६मध्ये परतल्यावर डार्विन लंडनच्या विद्वानांत लगेच मान्यता पावले. जुलै १८३७मध्ये त्यांनी एक गुप्त वही उघडली. सजीवांच्या जाती ईश्वराने एकदाच घडवलेल्या नसून बदलत आलेल्या आहेत, या शक्यतेची टिपणे त्यात होती. त्याच वर्षी सप्टेंबरात धडधड परतली आणि डॉक्टरांनी काम थांबवून गावी जाण्याचा सल्ला दिला.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न करावे की नाही, यासाठी त्यांनी कागदावर चक्क दोन रकाने पाडले. एकीकडे म्हातारपणीची सोबत आणि मुलेबाळे. दुसरीकडे वाया जाणारा वेळ, पुस्तकांसाठी उरणारे कमी पैसे आणि नातेवाइकांच्या भेटीगाठी. कुत्रा पाळण्यापेक्षा बायको बरी, हा मुद्दाही त्यात होता. हिशेब लग्नाच्या बाजूने झुकला आणि २९ जानेवारी १८३९ रोजी मामेबहीण एमा वेजवूड यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. धर्माविषयीच्या शंका बायकोपासून लपवून ठेव, असा वडिलांचा सल्ला होता. तो त्यांनी पाळला नाही. एमा श्रद्धाळू होत्या आणि त्या शंकांनी त्या व्यथित झाल्या. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल, ही त्यांची काळजी डार्विन यांच्या मनात कायम राहिली.

लंडनमधील मेजवान्या, सभा, चर्चा यांनंतर त्यांना उलट्या होत, हातपाय थरथरत. १८४२मध्ये कुटुंबाने केंट परगण्यातील डाउन या खेड्यात घर घेतले. तिथे अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर त्यांनी एक आरसा बसवून घेतला. कोण येत आहे हे पाहुणा दाराशी पोहोचण्यापूर्वीच दिसावे, एवढाच त्याचा उपयोग. आज दारावरच्या कॅमेऱ्याचे दृश्य फोनवर पाहणाऱ्यांना यात काही वावगे वाटणार नाही.

खात्री मागण्याची त्यांची सवय किती टोकाची होती, याचा एक किस्सा गावचे पाद्री ब्रोडी इनेस यांनी सांगितला आहे. गावच्या एका बैठकीत किरकोळ मुद्द्यावर चर्चा झाली. त्या रात्री उशिरा डार्विन त्यांच्या दारात हजर. आपण बोललो ते बरोबरच होते, पण त्यावरून तुमचा काही चुकीचा समज झाला असेल तर, हे सांगितल्याशिवाय त्यांना झोप येणार नव्हती.

सिद्धान्त टेबलाच्या खणात का राहिला?

१८४२मध्ये डार्विन यांनी सिद्धान्ताचा ३५ पानी आराखडा लिहिला. १८४४मध्ये तो वाढून सुमारे २३० पानांचा निबंध झाला. आपण काय मानू लागलो आहोत हे त्या वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर यांना कळवताना त्यांना गुन्हा कबूल करीत असल्यासारखे वाटले. जुलैमध्ये एमा यांच्या नावे पत्र लिहून ठेवले. आपण अचानक गेलो तर ४०० पौंड खर्चून हा निबंध प्रसिद्ध करावा, अशी व्यवस्था त्यात होती. म्हणजे मृत्यूनंतरची तजवीज झाली. हयातीत छापण्याची मात्र नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन’ हे निनावी पुस्तक आले. सृष्टी हळूहळू विकसित झाली, असे सांगणाऱ्या या पुस्तकावर पाद्री आणि शास्त्रज्ञ दोघेही तुटून पडले. केंब्रिजमध्ये डार्विन यांना भूशास्त्र शिकवणारे अ‍ॅडम सेजविक त्यात आघाडीवर होते. डार्विन यांनी हे सारे पाहिले आणि १८४६पासून ते बार्नेकल या, खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या कवचधारी जिवांच्या अभ्यासाला लागले. वर्षभरात संपेल असे वाटलेले काम आठ वर्षे चालले. घरातल्या मुलांना ते इतके अंगवळणी पडले, की एकाने शेजारच्या घराबद्दल विचारले म्हणे, त्यांचे वडील बार्नेकल कुठे करतात?

ही सारी टाळाटाळ भीतीपोटीच होती, असे सगळे इतिहासकार मानत नाहीत. आधी हाती घेतलेली कामे संपवून मग मोठ्या ग्रंथाकडे वळायचे एवढाच त्यांचा क्रम होता, असे काहींचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. बार्नेकलच्या कामासाठी त्यांना रॉयल सोसायटीचे पदक मिळाले आणि त्यातून हाती आलेले ज्ञान पुढे उपयोगी पडले. पण निबंध तयार असताना, पत्नीकडे त्याची सोय करून ठेवली असताना आठ वर्षे खडकाला चिकटलेल्या जिवांत घालवणाऱ्या माणसाला धाकधूक नव्हती, असे म्हणणेही कठीण आहे.

थंड पाणी आणि तब्येतीची वही

१८४९च्या मार्चमध्ये डार्विन कुटुंबासह मॅल्व्हर्नला डॉ. जेम्स गली यांच्याकडे गेले. पहाटे उठवून थंड पाण्याने अंग खसखसून चोळायचे, पोटावर ओल्या पट्ट्या बांधायच्या, थंड पाण्यात पाय बुडवून बसायचे, गोडधोड आणि लोणी बंद, काम अगदी थोडे आणि चालणे भरपूर. काही आठवड्यांत डार्विन यांना बरे वाटू लागले. यात पाण्याचा भाग किती आणि मोकळी हवा, व्यायाम व ठरलेला दिनक्रम यांचा किती, याचा अंदाज वाचकांनी करावा. घरी परतल्यावर बागेत सुताराकडून थंड पाण्याच्या धारेखाली उभे राहण्याची खोपटी बांधून घेतली आणि हिवाळ्यातही हा प्रकार सुरू ठेवला.

त्याबरोबर वहीही सुरू झाली. जुलै १८४९ ते जानेवारी १८५५ अशी साडेपाच वर्षे त्यांनी रोजच्या तब्येतीच्या नोंदी ठेवल्या. रात्र कशी गेली, पोटातल्या वाताचे झटके किती आले, कोणता दिवस चांगला. चांगल्या दिवसांसमोर दुहेरी रेघ आणि पुढे त्यांची मोजदाद. शास्त्रज्ञाच्या हातून ही नोंद होणे स्वाभाविक आहे. पण स्वतःच्या शरीराकडे चोवीस तास कान लावून बसले की साधी गुरगुरही मोठी ऐकू येते, हे मनगटावरच्या घड्याळात दर तासाला नाडीचे ठोके पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

१८५१मध्ये दहा वर्षांच्या लाडक्या अ‍ॅनीला उपचारांसाठी मॅल्व्हर्नलाच नेले. एमा बाळंतपणाच्या तोंडावर डाउनला होत्या. डार्विन मुलीच्या उशाशी बसून दिवसभरातले चढउतार पत्रातून कळवत. ताप उतरला की आशा, पुन्हा उलटी झाली की अंधार. पत्र पोहोचेपर्यंत इकडची स्थिती पालटलेली असे. २३ एप्रिलला अ‍ॅनी गेली. अंत्यसंस्काराला न थांबता डार्विन पत्नीकडे परतले आणि आठवडाभरात मुलीच्या आठवणींचे काही पानी टिपण लिहिले. आपली पोटाची दुखणी आणि मामेबहिणीशी झालेले लग्न यांतून मुलांना दुबळेपणाचा वारसा गेला की काय, ही चिंता त्यानंतर त्यांना सोडेना. त्यांच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच वारली.

खात्री आलीच नाही, पत्र आले

१८ जून १८५८ रोजी आग्नेय आशियातील बेटांवरून आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे टपाल डाउनला पोहोचले. सोबतच्या निबंधात तोच नैसर्गिक निवडीचा विचार होता. ज्याची वीस वर्षे भीती होती, ते वेगळ्याच दिशेने समोर येऊन उभे राहिले. आता आपले लिखाण पुढे केले तर ते क्षुद्रपणाचे दिसेल, ही नवी घालमेल. त्याच दिवसांत घरात रोग शिरला आणि धाकटा चार्ल्स, जेमतेम दीड वर्षांचा, २८ जूनला स्कार्लेट तापाने गेला.

या वेळी डार्विन यांनी निर्णय स्वतः घेतला नाही. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल आणि हूकर यांच्यावर तो सोपवला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेस यांचा निबंध आणि डार्विन यांच्या लिखाणातील उतारे एकत्र वाचले गेले. त्याच दिवशी डाउनला बाळाचे दफन झाले.

त्यानंतर जे वीस वर्षांत झाले नव्हते, ते सुमारे तेरा महिन्यांत झाले. पुस्तक लिहून झाले. सगळे पुरावे जमले, सगळ्या शंका फिटल्या म्हणून नव्हे. आनुवंशिक गुण पुढच्या पिढीत कसे जातात, हे डार्विन यांना ठाऊक नव्हते. जीवाश्मांची साखळी तुटक होती. डोळ्यासारखा अवयव टप्प्याटप्प्याने कसा घडला असेल, याचे उत्तर अपुरे होते. हे सगळे त्यांनी झाकून ठेवले नाही. सिद्धान्तापुढील अडचणींसाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरणच लिहिले.

रोजच्या जगण्यात सतावणारी अनिश्चितता कामाच्या टेबलावर मात्र त्यांनी हाताळायला घेतली होती, ती अशी. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तत्काळ लिहून ठेवायची, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या गोष्टी लवकर विसरतात, हा त्यांचा नेम होता. आणि शंका आली की तिच्यावर विचार करीत बसण्याऐवजी शक्य तिथे प्रयोग. बिया समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर रुजू शकतील का? त्यांनी ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. २८ दिवसांनंतर त्यातल्या ६४ रुजल्या. काही तर १३७ दिवसांनीही. अतिचिंतेवरील आजच्या उपचारांत रुग्णाला नेमके हेच शिकवले जाते. भाकीत लिहायचे, छोटा प्रयोग करायचा, काय झाले ते पाहायचे. स्वतःच्या तब्येतीबाबत डार्विन यांना हे कधी जमले नाही, ही गंमत आणि शोकांतिका दोन्ही.

लपून राहणे तर सुटलेच नाही. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डमध्ये पुस्तकावरून बिशप विल्बरफोर्स आणि थॉमस हक्सले यांची गाजलेली चकमक झाली, तेव्हा डार्विन रिचमंडजवळच्या दुसऱ्या एका जलोपचार केंद्रात होते.

दिवस कसा जाई?

डाउनमधला दिवस घड्याळावर चाले. न्याहारीपूर्वी फेरफटका, आठ ते साडेनऊ काम, मग सोफ्यावर पडून पत्रे किंवा एमा वाचून दाखवतील ती कादंबरी. साडेदहा ते बारा पुन्हा काम. दुपारी ‘सँडवॉक’ या झाडीतल्या वाळूच्या वाटेवर फेऱ्या. फेऱ्या मोजण्यासाठी वाटेच्या वळणावर गारगोट्या रचलेल्या असत आणि दर फेरीला एक पायाने उडवायची. संध्याकाळी आणखी तासभर काम. म्हणजे दिवसाचे काम जेमतेम चार तास. तपकिरीची बरणी मुद्दाम बाहेर ओसरीवजा दालनात ठेवलेली, म्हणजे चिमूट घ्यायला उठून जावे लागे. कादंबरीचा शेवट गोड हवा, हा आग्रह होता. बाकी आयुष्यात शेवट माहीत नसतोच.

रात्री एमा यांच्याबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव ठरलेले. फाशांच्या या खेळात दान काय पडेल हे कुणाच्या हाती नसते. हरले की डार्विन त्रागा करीत, पण खेळ रोज होई आणि हिशेबही ठेवला जाई. १८७६च्या जानेवारीत अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना त्यांनी तो कळवला होता. एमा २,४९० डाव जिंकल्या होत्या, स्वतः २,७९५.

रोग कोणता होता?

वडिलांपासून लंडनच्या नामांकित डॉक्टरांपर्यंत अनेकांनी तपासले. १८६५मध्ये डॉ. जॉन चॅपमन यांच्या सांगण्यावरून पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवून पाहिल्या, उपयोग शून्य. पुढच्या काळात अंदाजांचा पाऊस पडला. १८३५मध्ये अर्जेंटिनात डार्विन यांना एक रक्तपिपासू ढेकूण चावला होता. त्यावरून १९५९मध्ये सॉल अ‍ॅडलर यांनी शागास रोगाची शक्यता मांडली. कुणी दूध न पचण्याचा विकार सांगितला, कुणी आतड्यांचा. बालमानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी १९९०मध्ये डार्विन यांचे चरित्र लिहिताना बालपणी न बोलल्या गेलेल्या आईच्या मृत्यूशी नाते जोडले. १९९७मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी, ही लक्षणे भयझटक्यांच्या विकारात बसतात, असा निष्कर्ष काढला. शरीराचा रोग आणि मनाची चिंता एकाच वेळी असू शकतात, हे या वादात अनेकदा विसरले जाते.

आयुष्याच्या शेवटच्या दशकात तब्येत पुष्कळ सुधारली. बाविसाव्या वर्षी ज्या हृदयविकाराची खात्री वाटली होती, तो पन्नास वर्षांनी खरोखर आला. १८८२च्या मार्चमध्ये सँडवॉकवरच छातीत कळ आली. १९ एप्रिलला, ७३व्या वर्षी, त्यांचे घरी निधन झाले. मरणाची जराही भीती वाटत नाही, असे शेवटी त्यांनी एमा यांना सांगितले होते.

२९ वर्षांचा खड्डा

शेवटचे पुस्तक १८८१मध्ये आले, ते गांडुळांवर. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी घरात पियानो, बसून आणि शिट्टी वाजवून झाली. त्यांनी लक्ष दिले नाही. पण मूळ प्रश्न जुना होता. शेतात पसरलेले खडे काही वर्षांनी जमिनीखाली जातात, ते गांडुळे वर आणून टाकत असलेल्या मातीमुळे का?

२० डिसेंबर १८४२ रोजी, डाउनला राहायला येऊन तीन महिने झाले असताना, घराजवळच्या शेताच्या एका भागावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरण्यात आले होते. दरम्यान अ‍ॅनी गेली, वॉलेस यांचे पत्र आले, पुस्तक निघाले, दाढी वाढली. नोव्हेंबर १८७१च्या अखेरीस डार्विन यांनी तिथे चर खणायला लावला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या खड्यांची सरळ रेघ दिसत होती. त्यांनी मोजले. २९ वर्षांत ते सात इंच खाली गेले होते.